इस्त्रीच्या टेबलावरचे अर्ज

त्यांच्या खोलीत खुर्ची नव्हती. होतं ते इस्त्रीचं एक उंच घडीचं टेबल, त्यावर जुनी पांढरी चादर ताणून बसवलेली. त्या टेबलाशी उभं राहून ते लिहायचे. बसून लिहिलं की वाक्यं लांबतात, असं त्यांचं ठाम मत होतं. उभा माणूस पाय दुखायला लागायच्या आत मुद्द्यावर येतो. त्यामुळे त्यांच्याकडे अर्ज घेऊन येणाऱ्यालाही उभंच राहावं लागायचं, मग तो वयाने कितीही मोठा असो.

आम्ही त्यांना काका म्हणायचो. शारजात रोला भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते सातव्या मजल्यावर राहायचे, आम्ही तिसऱ्या. एका केरळी कुटुंबाच्या फ्लॅटमधली एक खोली त्यांनी घेतली होती. मूळचे मिरजेचे, लग्न केलेलं नाही. दुबईतल्या एका इंग्रजी लॉ फर्ममध्ये ते डॉक्युमेंट रूममध्ये कामाला होते, म्हणजे वकिलांनी लिहिलेलं टाइप करायचं, तपासायचं, पानं लावायची, शिक्के मारून घ्यायचे. एवढी वर्षं हे काम केल्यामुळे असेल, पण चुकीच्या जागी पडलेला स्वल्पविराम त्यांना चपलेतल्या खड्यासारखा टोचायचा. आमच्या लिफ्टमधल्या नोटिशीतल्या चुकासुद्धा त्यांनी हिरव्या पेनाने दुरुस्त केल्या होत्या, आणि वॉचमनने नवी नोटीस लावली की पुन्हा करायचे.

बिल्डिंगमधल्या आणि आजूबाजूच्या मराठी मंडळींचे अर्ज त्यांच्याकडे यायचे. कुणाला नोकरी बदलायची असायची, कुणाला मुलाला कॉलेजात घालायचं असायचं. ते नाही म्हणत नसत, पण पहिल्या खेपेला होही म्हणत नसत. आधी कागद घेऊन उभ्याउभ्या मोठ्याने वाचायचे. मग पट्टी लावून, सरळ रेघ मारून शब्द खोडायचे. ‘हार्डवर्किंग’ गेला. ‘डायनॅमिक’ गेला. ‘युअर एस्टीम्ड ऑर्गनायझेशन’ दिसलं की एवढ्या मोठ्या आवाजात वाचायचे की शेजारच्या खोलीतली केरळी आजी दार उघडून बघायची. शेवटी कागदावर जे उरायचं ते दोन ओळींचं असायचं. त्या दोन ओळी परत देऊन म्हणायचे, “यल्ला, चल, आता याच्यापुढे लिही.”

मी पुण्याहून कायद्याची पदवी घेऊन परत आले ते नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. मला इंग्रजी फर्ममध्ये ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट हवं होतं. म्हणजे आधी उन्हाळ्यात तीन आठवडे फर्ममध्ये उमेदवारी करायची, तिला प्लेसमेंट म्हणायचे. त्यातून निवडलं तर दोन वर्षं शिकाऊ म्हणून काम, मध्ये परीक्षा, आणि मग इंग्लंडच्या नियमाने वकील. तेव्हा दुबईत अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि बहुतेक लंडनहूनच भरून यायच्या. मी अकरा ठिकाणी अर्ज केले होते. अकरा नकार आले होते. आई म्हणाली, वर काकांकडे जा. मला ते अपमानाचं वाटलं. कायदा मी शिकले होते. ते टाइप करत होते.

तरी गेले. पहिल्याच शुक्रवारी माझ्या आधी एकजण उभा होता. अबुधाबीच्या मुसफ्फातल्या वर्कशॉपमधला फिटर, सावंतवाडीकडचा, सुट्टीच्या दिवशी दोन बस बदलून आलेला. त्याला कंपनीतच दुसऱ्या खात्यात बदली हवी होती. काकांनी त्याचा अर्ज खोडून झाल्यावर त्याला विचारलं, तुला काय येतं. तो म्हणाला, वेल्डिंग. कसलं वेल्डिंग? पाइपचं. ते सगळ्यांनाच येतं, तुला काय येतं? मग तो माणूस कसंनुसं म्हणाला की पाइप भिंतीला चिकटून असला आणि मागच्या बाजूला हात पोचत नसला, तर आरशात बघून तो मागचा जोड मारतो. काकांनी पेन उचललं. त्या अर्जाचं पहिलं वाक्य ते झालं, आणि दुसरं होतं, ‘माझे जोड गळत नाहीत.’ पुढच्या महिन्यात तो माणूस पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला.

मी त्या दिवशी रांगेत उभी राहून मनातून धुमसत होते. मला एका फिटरच्या मागे उभं केलं म्हणून. हे मी आज लिहिते आहे, कारण पुढे जे झालं त्याची मुळं तिथेच होती असं मला वाटतं.

माझ्या वेळेला त्यांनी अर्ज वाचलाच नाही. आधी नकाराची पत्रं आण म्हणाले. मी ती फाडून टाकली नव्हती हे बघून खूश झाले. अकरा पत्रं त्यांनी टेबलावर मांडली आणि त्यांचे दोन गठ्ठे केले: ज्यांनी अर्ज वाचला होता ते, आणि ज्यांनी वाचला नव्हता ते. वाचणाऱ्यांच्या गठ्ठ्यात एकच पत्र पडलं. “बाकीच्यांनी तुला नाकारलेलं नाही,” ते म्हणाले. “त्यांना तू भेटलीच नाहीस.”

मग तीन महिने ते माझ्यामागे लागले. मुलाखतीची तयारी लिफ्टमध्ये व्हायची. खाली भेटले की मला तिसऱ्यावर उतरू द्यायचे नाहीत. सातचं बटण दाबायचे आणि प्रश्न टाकायचे. सातवा मजला यायच्या आत उत्तर संपलं पाहिजे. नाही संपलं तर पुन्हा खाली. एकदा भाजीच्या पिशव्या हातात घेऊन मी चार वेळा वरखाली केलं, ‘तुला वकील का व्हायचंय’ या प्रश्नासाठी. प्रत्येक वेळी ते म्हणायचे, हे उत्तर दुसऱ्या कुणालाही देता येईल. चौथ्यांदा मी रडकुंडीला येऊन म्हटलं की मला माहीत नाही. ते म्हणाले, हे बरं आहे, इथून सुरू करू.

त्यानंतरच्या शुक्रवारी त्यांनी बाबांना गाडी काढायला लावली. खोर फक्कानला एक जहाज बघायला जायचंय म्हणाले. बाबांचा एकुलता एक सुट्टीचा दिवस. बाबा अर्ध्या वाटेवरच्या धैद गावापर्यंत बोलले नाहीत. डोंगरात रस्त्याकडेच्या बाजारात थांबून काकांनी एक भलंमोठं कलिंगड घेतलं, तेव्हा बाबांना वाटलं की निदान पिकनिक तरी आहे. ते कलिंगड जहाजावरच्या लोकांसाठी होतं.

ते जहाज मालाच्या भांडणात कोर्टाच्या हुकुमाने अडकवून ठेवलेलं होतं. फर्मच्या कामासाठी काका तिथे जाऊन येऊन होते, आमचे गेटपास त्यांनी आधीच करून ठेवले होते. हुकुमाचा कागद जहाजाच्या शिडीपाशी चिकटवलेला होता, उन्हाने पिवळा पडलेला. जहाजावरचे खलाशी पाच महिने तिथेच होते. व्हिसा नाही, म्हणून गावात जायची सोय नाही. त्यांच्यातला खानसामा गुहागरचा निघाला. शिडीवरून खाली येऊन त्याने कलिंगड घेतलं आणि मराठी ऐकून तिथेच बसला. काकांनी त्याला सांगितलं, ह्या बाई कायदा शिकल्यात, त्यांना विचार काय विचारायचं ते. आणि स्वतः बाबांना घेऊन लांब जाऊन उभे राहिले.

मी त्याला तो कागद वाचून दाखवला. पाच महिन्यांत त्यातला एक शब्द कुणी त्याला सांगितला नव्हता. मी अरबीखालची इंग्रजी वाचत होते, मराठीत सांगत होते, आणि पुण्यात पाच वर्षं शिकलेल्या शब्दांना मराठी शब्द सापडत नव्हते. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “ताई, हे जहाजाचं झालं. ह्यात माझं काय लिहिलंय?”

काहीच लिहिलेलं नव्हतं. मी तसं सांगितलं.

परतताना गाडीत काकांनी मला एक वाक्यही बोलू दिलं नाही. घरी जाऊन लिही म्हणाले. मी लिहिलं: ‘मी एकदा कोर्टाचा हुकूम ज्याच्या आयुष्याला लागू होता त्या माणसाला वाचून दाखवला, आणि त्याने मला असा प्रश्न विचारला ज्याचं उत्तर त्या कागदात नव्हतं.’ काकांनी ते टेबलाशी उभं राहून वाचलं. पट्टी हातात होती, ती त्यांनी खाली ठेवली. “खलास. झालं,” म्हणाले.

तो अर्ज त्यांच्याच फर्मसाठी होता. देण्याआधी त्यांनी एक अट घातली. त्यांची ओळख कुठेही सांगायची नाही. अर्जात नाही, मुलाखतीत नाही, पुढे घेतलं तर ऑफिसातही नाही. का विचारलं तर म्हणाले, ओळख सांगितलीस तर तू कशावर आत गेलीस ते तुलाही कधी कळणार नाही.

मुलाखतीत मोठ्या पार्टनरने त्या एकाच वाक्याबद्दल अर्धा तास विचारलं. जहाज बघायला तुम्हाला कुणी नेलं, हेही विचारलं. मी म्हटलं, वडिलांनी. खोटं नव्हतं. मला प्लेसमेंट मिळाली, आणि त्या उन्हाळ्याच्या शेवटी ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट.

पहिल्या दिवशी डॉक्युमेंट रूममध्ये कागद द्यायला गेले तेव्हा काका जागेवरून उठून उभे राहिले आणि म्हणाले, “गुड मॉर्निंग, मॅडम.” चेहऱ्यावर रेषही हलली नाही. मला हसू आवरेना. संध्याकाळी बिल्डिंगखाली भेटले तेव्हा मात्र म्हणाले, काय गं, मीटिंगमध्ये जांभई देताना तोंडावर हात धरत जा. पहिले काही महिने हा आमचा खेळच होता. ऑफिसात मॅडम, लिफ्टमध्ये काय गं. मी लिहिलेल्या मसुद्यांत हिरव्या पेनाच्या बारीक खुणा असायच्या, फक्त मला कळतील अशा, आणि त्या मी गुपचूप दुरुस्त करून वर पाठवायची. माझे मसुदे स्वच्छ असतात अशी माझी ख्याती झाली.

मग मी दुबईत राहायला गेले. फर्मजवळ, दोन मुलींबरोबर फ्लॅट घेऊन. लिफ्ट सुटली, उरलं ते फक्त ‘गुड मॉर्निंग, मॅडम’. आधी मला ते ऐकून अवघडल्यासारखं व्हायचं. नंतर कधीतरी होईनासं झालं. कधी, ते आठवत नाही. एवढं आठवतं की दुसऱ्या वर्षी मी कागद घेऊन स्वतः जात नव्हते, ट्रेमध्ये टाकत होते.

त्या वर्षी प्लेसमेंटचे अर्ज चाळायचं काम आम्हा दोन शिकाऊंकडे आलं. दुसरा इंग्लंडहून आलेला मुलगा होता, स्वभावाने चांगला. सगळे अर्ज आम्ही मीटिंग रूमच्या टेबलावर पसरले होते. एका पाकिटावरचं अक्षर बघून माझा हात थांबला. आत एकच पान होतं, हाताने लिहिलेलं.

काकांनी पोस्टाने अभ्यास करून इंग्लंडच्या कायद्याची पदवी घेतली होती. त्याला त्यांना नऊ वर्षं लागली होती. म्हणजे माझा अर्ज ते खोडत होते तेव्हाही, मी गेल्यावर त्याच टेबलाशी उभे राहून ते त्यांचा अभ्यास करत होते, आणि त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. अर्जात लिहिलं होतं की ते एकावन्न वर्षांचे आहेत. ‘या फर्मने एकोणीस वर्षांत केलेले करार मी टाइप केले. प्रत्येक स्वल्पविराम कुठे आहे ते मला माहीत होतं. तो तिथे का आहे ते आता कळतं. ते वापरायची संधी मला हवी आहे.’ ‘संधी’ हा शब्द ते नेहमी खोडायचे. स्वतःच्या अर्जात त्यांनी तो ठेवला होता.

त्या मुलाने माझ्या खांद्यावरून वाचलं. हा डॉक्युमेंट रूममधलाच ना, म्हणाला, आणि हसला. वाईट हसणं नव्हतं ते, अडचणीत पडलेल्या माणसाचं होतं. मीही हसले. माझं हसणं कुठल्या प्रकारचं होतं ते मला माहीत आहे.

तो अर्ज मोठ्या पार्टनरकडे गेला. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते मनापासून विचारात पडलेले दिसत होते. म्हणाले, असं आजवर झालेलं नाही, पण पदवी खरी आहे, पत्रही उत्तम आहे. मग मला विचारलं, तू पण शारजाचीच, तुमच्याकडचेच ते, तू ओळखतेस का त्यांना? माणूस कसा आहे?

मी म्हटलं, “फक्त ऑफिसपुरतं.”

एवढंच म्हणून थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर सुटका हवी असल्याचं मला दिसलं, आणि ती त्यांना द्यावी असं वाटलं. मी पुढे म्हटलं की बावीस-तेवीस वर्षांच्या मुलांबरोबर त्यांना अवघड जाईल. साहेबांनी मान डोलावली. हो, मलाही तेच वाटत होतं, म्हणाले.

नकाराचं पत्र मी तयार केलं, सगळ्यांसाठी एकच. डॉक्युमेंट रूममध्ये गेलं, नावं घालून छापून आलं. सह्या मी करायच्या होत्या. गठ्ठा घेऊन काका स्वतः वर आले. शिकाऊंच्या टेबलाशी ते त्याआधी कधी आले नव्हते. पत्रं नावाच्या अक्षरांप्रमाणे लावलेली होती. मी एकेक सही करत गेले, ते समोर उभे राहून सही झालेलं पान उचलून उपडं ठेवत होते. मधे कुठेतरी त्यांचं पत्र आलं. माझ्याच वाक्यांत, त्यांनीच टाइप केलेलं, त्यांच्याच नावावर. मी सही केली. वर बघितलं नाही.

“मॅडम,” ते म्हणाले, “खाली तारीख राहिली.”

मी तारीख घातली. त्यांनी पान उचललं आणि उपडं ठेवलं.

त्यानंतर ते दोन वर्षं तिथेच काम करत होते. गुड मॉर्निंग चुकलं नाही. माझ्या मसुद्यांवरच्या हिरव्या खुणाही थांबल्या नाहीत, हे मी मुद्दाम सांगते, कारण त्या थांबल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मग फर्मने टायपिंगचं काम कमी केलं, त्यांचा व्हिसा रद्द झाला आणि ते मिरजेला गेले. निरोपाला केक कापला. मी त्या दिवशी अबुधाबीला कोर्टाच्या कामाला गेले होते. ते काम दुसऱ्या कुणालाही देता आलं असतं.

त्यांचा मिरजेचा नंबर बाबांकडे होता. मी फोन केला तो आणखी तीन वर्षांनी. तोपर्यंत मी पूर्ण वकील झाले होते, लग्न झालं होतं. दुपारची वेळ होती, त्यांनीच उचलला. आवाज तसाच, घाईत नसलेला. गावातल्या एका वकिलाकडे कागद तपासायला जातो म्हणाले. मी काय करते ते त्यांनी बारकाईने विचारलं. मी सांगत राहिले आणि शेवटी म्हटलं की काका, तो अर्ज.

“पत्रं निघायच्या आधीच साहेबांनी मला बोलावून सांगितलं होतं,” ते म्हणाले. “फार चांगले बोलले. म्हणाले, आम्ही सगळ्यांना विचारलं, तुमच्या शारजाच्या त्या मुलीलासुद्धा. तीही म्हणाली, फक्त ऑफिसपुरती ओळख.”

म्हणजे गठ्ठा घेऊन वर आले तेव्हा त्यांना माहीत होतं. पुढे जे बोलले ते मी बोलायला नको होतं. मी म्हटलं, “तुम्हीच म्हणाला होतात ना, ओळख सांगायची नाही.”

“म्हणालो होतो,” ते म्हणाले. “तुझ्या अर्जापुरतं.”

पलीकडे कुणीतरी दार वाजवल्याचा आवाज आला, ते फोन बाजूला धरून काहीतरी बोलले, परत आले. त्यांनी मला वेळ दिला, हे आज मला नीट कळतं. ते वाट बघत होते. मग म्हणाले, “मला त्यांनी घेतलं नसतंच. ते मला अर्ज देतानाच ठाऊक होतं. पण कुणीतरी माझ्याबद्दल विचारलं होतं, आणि तिथे मला ओळखणारं एक माणूस बसलेलं होतं. एवढंच.”

मग त्यांनी बाबांच्या गुडघ्याची चौकशी केली. ऑपरेशन करावं की नाही यावर आम्ही थोडा वेळ बोललो. मिरजेत हाडांचे डॉक्टर चांगले आहेत, पाठव त्यांना, माझ्याकडे उतरतील, म्हणाले. मी हो म्हटलं. फोन ठेवताना मी तब्येतीला जपा म्हणाले, पुढच्या सुट्टीत नक्की येते म्हणाले, आईचा नमस्कार सांगितला. माफ करा, एवढं सोडून सगळं म्हणाले.

पुढच्या सुट्टीत आम्ही फिरायला केरळला गेलो. त्याच्या पुढच्या वर्षी बाबांचा गुडघा दाखवायला मिरजेला जायचं ठरलं, तिकिटंही काढली होती. निघायच्या आठवडाभर आधी बाबांनी वेळ ठरवायला म्हणून फोन लावला, तो त्यांच्या भाच्याने उचलला. काकांना जाऊन बारा दिवस झाले होते.

तिकिटं आम्ही रद्द केली नाहीत. मी आणि बाबा गेलो, डॉक्टरांना गुडघा दाखवला, आणि परत आलो.